अधांतरी म्हातारा

सान क्लेमेंतेत लांब मोजे घालणारी बाई एकच होती, आणि तिचे मोजे एर्लिंदाच्या झाडावर सापडले.

बाई म्हणजे शाळेतल्या शिक्षिका, सेन्यो ओफेलिया. आमच्या खोऱ्यात ऊन असं की सरडासुद्धा दगडावर पाय बदलत उभा राहतो. तिथं या बाई राजधानीतून बदलून आल्या त्या दिवसापासून नायलॉनचे मोजे चढवूनच घराबाहेर पडायच्या. मोजा फाटला की कागदात गुंडाळून, कुणाच्या नजरेला पडणार नाही असा, कचऱ्यात. एकदा शाळेत जाता जाता त्यांनी एर्लिंदाच्या कुंपणावरून सहज पाहिलं, तर अंगणातल्या होकोतेच्या झाडाला आपलेच मोजे, टाचेवर रफू केलेले, पट्ट्या कापून फांदीफांदीला बांधलेले, आणि प्रत्येक गाठीत एकेक कोंबडा बसवलेला.

हा कोंबडा आरवणारा नव्हे. डोंगरातल्या काटेरी झाडांवर जे रुपेरी, कुरळ्या पानांचं झुडूप अधांतरी बसलेलं असतं, त्याला आमच्याकडे कोंबडा म्हणतात. त्याला माती लागत नाही. मुळं असतात ती फांदीला घट्ट धरून राहण्यापुरती. खाणंपिणं सगळं पानांनी, नदीवरून येणाऱ्या पहाटेच्या धुक्यावर. आयुष्यात एकदाच, तेही फार उशिरा, त्याला लाल तुरा फुटतो. तो तुरा म्हणजे त्याचा कोंबडेपणा.

"नीन्या एर्लिंदा," सेन्यो ओफेलिया आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे माझे आहेत ना?"

नीन्या म्हणजे मुलगी. आमच्या बाजूला बाईचे सगळे दात पडले तरी ती मुलगीच राहते, आणि ज्यांना हे पसंत नाही त्या बायका अजून भेटायच्या आहेत.

"तुमचे होते," एर्लिंदा शिडीवरूनच म्हणाली. "सुतळीनं मुळं काचतात, तांब्याच्या तारेनं जळतात. तुमचा मोजा कसा, ताणतो पण टोचत नाही. फार चांगल्या प्रतीचे वापरता हो."

"पण लोक बघतात..."

"लोक कोंबडे बघतात. मोजे बघायला तुम्हीच थांबलात."

त्यानंतर फाटके मोजे कचऱ्यात जायचे बंद झाले. दर महिन्याला एक पुडकं एर्लिंदाच्या फाटकात अडकवलेलं असायचं, आणि सेन्यो ओफेलिया चालण्याचा वेग वाढवून पुढे निघून जायच्या.

एर्लिंदाकडे एवढे कोंबडे आले कुठून, तर आमच्याच उकिरड्यांवरून. डिसेंबर लागला की घरोघरी गव्हाणीचा देखावा मांडायचा: रंगवलेल्या भुशाचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचं तळं, मांझानियाच्या पिवळ्या फळांच्या माळा, आणि गव्हाणीच्या छपरावर डोंगरातून आणलेला कोंबडा. तो नसेल तर बाळ येशू जन्मायला नाखूश असतो अशी आमची समजूत. मग फेब्रुवारीत कांदेलारियाचा सण झाला की देखावा उचलायचा. मेंढ्या खोक्यात, बाळ कपाटात आणि कोंबडा कचऱ्यात. डोंगर भरलेला होता तेव्हा. दर वर्षी नवा आणावा, जुना फेकावा, यात कुणाला काही वाईट वाटत नसे.

एर्लिंदाला वाटायचं. कांदेलारियाच्या दुसऱ्या सकाळी ती एकचाकी गाडा घेऊन गल्लीभर फिरायची आणि टाकलेले कोंबडे गोळा करायची. भुसा झटकायची, मेणाचे थेंब नखानं काढायची, पावसाच्या साठवलेल्या पाण्यात प्रत्येकाला एक डुबकी देऊन दोरीवर उलटं टांगायची, म्हणजे पोटात पाणी राहत नाही. वाळले की झाडावर. गल्लीनं तिच्या अंगणाला अनाथालय असं नाव ठेवलं होतं.

"आज किती पोरं दाखल झाली, नीन्या?" समोरचे एलिसेओ तात पडवीत टांगलेल्या झोळीत पडल्या पडल्या विचारायचे. हे गावातले मारिंबा वाजवणारे. लग्न असो, बारसं असो, त्यांच्या लाकडी पट्ट्यांशिवाय पाय हलत नसे.

"तुमच्या घरचंच एक आहे, तात. त्याच्या डोक्यावर मेणबत्ती लावली होती कुणी अकलेच्या माणसानं."

"जागाच नव्हती हो दुसरी."

"तुमच्या डोक्यावर भरपूर होती."

या सगळ्या अनाथांमध्ये एकाला मात्र आईबाप होते. पडवीच्या खांबाला, ग्वायाकानच्या ओंडक्यावर बसलेला, टोपलीएवढा वाढलेला, पानं कुरळी होऊन खाली लोंबलेली. त्याचं नाव म्हातारा. तो वितालिनोनं आणला होता.

वितालिनो, एर्लिंदाचा नवरा, रेल्वेत ब्रेक ओढायचा. बंदराकडे जाणाऱ्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून त्याचं आयुष्य गेलं आणि बोलायची सवय तिथंच कुठंतरी सांडली. माणूस चांगला, पण नाचायचा नाही. आमच्याकडे नवरामुलगा नाचला नाही तर नवरीला लोक वर्षभर विचारतात, काय गं, पायानं अधू आहे की मनानं? लग्नाच्या दिवशी मारिंबा सुरू झाली, सगळे गोल करून उभे राहिले, एर्लिंदा हात पुढे करून थांबली, आणि हा गृहस्थ खुर्चीवरून उठेना. कान लाल झाले, पण उठेना. शेवटी ती एलिसेओ तातांच्या काकांबरोबर नाचली.

दोन दिवस तिनं त्याच्याशी शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी तो डोंगरावरून मुठीएवढा कोंबडा घेऊन आला आणि खांबाला बांधून म्हणाला, "हा फुलला की नाचेन."

"शपथ?"

"शपथ."

तिनं मान्य केलं. तिला काय माहीत की कोंबडा फुलायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. त्याला बरोबर माहीत होतं. तोंडातून शब्द न काढणाऱ्या माणसात इतका लबाडपणा कुठून आला, याचं एर्लिंदाला पुढे अनेक वर्षं नवल वाटत राहिलं. ती रोज सकाळी म्हाताऱ्याच्या पोटात डोकावून बघायची आणि तो रोज कॉफी पिता पिता विचारायचा, "काही?"

"काही नाही."

"अरेरे," म्हणायचा आणि डबा घेऊन कामावर जायचा.

मग एका पावसाळ्यात त्याला ताप आला आणि तो गेला. न नाचता गेला. एर्लिंदानं आपला बाळ येशू कपाटात ठेवला तो पुन्हा काढलाच नाही. पोटी मूल नव्हतं, देखावा बघायला घरात कोण, असं म्हणाली. त्यामुळे एक गोष्ट झाली. आमच्या गावात ख्रिसमसनंतर लोक एकमेकांच्या गव्हाणीतून बाळ चोरतात. मालक पाठ वळवतो, बाळ गायब. चोरानं ते आपल्या घरी पाळण्यात ठेवायचं, जपायचं, आणि कांदेलारियाला वाजतगाजत, पानात उकडलेल्या मक्याच्या तमालची पातेली घेऊन परत आणून द्यायचं. चोर आणि मालक तेव्हापासून नातेवाईक. कुणी नाव फोडायचं नाही हा नियम. ज्याच्या घरी बाळच मांडलेलं नाही त्याचं चोरणार काय? कांदेलारियाची मारिंबा दर वर्षी एर्लिंदाच्या फाटकावरून पुढे जायची. ती पडवीत बसून ऐकायची, आणि आवाज वळणापलीकडे गेला की गाडा पुसायला घ्यायची.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता एका सकाळी तिनं नेहमीसारखं म्हाताऱ्याच्या पोटात डोकावलं आणि डोकावलेलीच राहिली. पानांच्या मधोमध बोटाच्या पेराएवढं काहीतरी वर आलं होतं, टोकाला लाजल्यासारखं लाल.

पहिली हाक कोमाद्रेला. कोमाद्रे म्हणजे शेजारची हेनोवेवा. तिच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी एर्लिंदानं हातावर घेतलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. हेनोवेवा पिठाचे हात तसेच घेऊन आली.

"कोमाद्रे, हा तुरा आहे की मला मोतीबिंदू झालाय?"

हेनोवेवानं वाकून पाहिलं. "तुरा आहे. मोतीबिंदूही असेल, तो वेगळा." मग जरा थांबून, "आता नाचणार कोण गं?"

 त्या दिवसापासून एर्लिंदाचं सगळं लक्ष त्या तुऱ्यावर. नाचायचं तर नाचायचं, नाही तर नाही, पण तो उमललेला एकदा डोळ्यांनी बघायचा, ज्याच्या फुलण्यावर आपल्या लग्नातला नाच अडून राहिला होता तो. हे काही ती कुणाला बोलली नव्हती; पण पडवीतली खुर्ची तिनं खांबाकडे वळवून ठेवली त्यावरून गल्लीनं ते समजून घेतलं.

त्याच दिवसांत हमरस्त्याला हिरव्या जाळीची एक मोठी शेड उभी राहिली होती. राजधानीचा एक व्यापारी डोंगरातले कोंबडे पोत्यांनी विकत घ्यायचा आणि खोक्यांत भरून परदेशी पाठवायचा. निम्मं गाव दोऱ्या घेऊन डोंगरात. पूर्वी वळणावरून वर पाहिलं की काटेरी झाडं रुपेरी दिसायची, जणू कुणी चांदीची भांडी वाळत घातलीत. हळूहळू ती नुसतीच काटेरी दिसायला लागली. व्यापाऱ्यानं म्हाताऱ्याबद्दलही ऐकलं आणि एक दिवस पडवीशी येऊन उभा राहिला.

"सेन्योरा, हा विकणार का?"

"हा माझा नवरा आहे," एर्लिंदा म्हणाली.

तो हसला. ती हसली नाही. तो गाडीत बसून निघून गेला, पण जाताना पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं, ते तिनं टिपून ठेवलं.

ख्रिसमस झाला. तुरा आता वीतभर झाला होता, लाल खवल्यांचा, पण त्यातून जी जांभळी फुलं बाहेर यायची ती अजून आत होती. नव्या वर्षाच्या सुमारास एका सकाळी एर्लिंदा मका दळायला गिरणीवर गेली. रांग होती, गप्पा होत्या, परत यायला उशीर झाला. फाटकातून आत आली तर खांबावर नुसता ओंडका, आणि त्याच्यावर सेन्यो ओफेलियांच्या मोज्याची पट्टी लोंबत होती.

तिनं पिठाची पाटी खाली ठेवली. ओरडली नाही. गाडाही घेतला नाही. चालत सरळ हमरस्त्याच्या शेडकडे.

जाळीखाली लांबच लांब बाकांवर कोंबडे ओळीनं मांडलेले, आकाराप्रमाणे, हजारोंनी. एर्लिंदा एका टोकापासून सुरू झाली. प्रत्येकासमोर थांबायची, उचलायची, खालून बघायची, परत ठेवायची. कामगार बघत राहिले. व्यापारी आला.

"सेन्योरा, काय शोधताय?"

"माझा."

"पण हे सगळे सारखेच असतात."

"बाजारात शंभर बायका असल्या तर तुझी आई तुला सापडते ना? की कुठलीही घेऊन घरी जातोस?"

व्यापारी हात जोडून म्हणाला, मी नाही नेला, देवाशपथ, पाहिजे तर यातला कुठलाही घ्या. तिनं शेवटचा बाक संपेपर्यंत बघितलं. म्हातारा तिथं नव्हता. परत निघताना तिच्या लक्षात आलं की इथले बरेचसे कोंबडे आपल्याच डोंगरातले, आपण नावानं नाही तरी तोंडानं ओळखतो असे. ती जाळीबाहेर येऊन थोडा वेळ रस्त्याकडेला बसली आणि मग उठून घरी आली.

म्हातारा कुठं होता हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, एक तिला सोडून. तो हेनोवेवाच्या मधल्या खोलीत, लेस लावलेल्या पाळण्यात होता. झालं असं, की एर्लिंदाच्या घरी चोरायला बाळ नाही, म्हणून मारिंबा तिच्या दारी जात नाही, हे हेनोवेवाला किती वर्षं सलत होतं. या वर्षी तिला वाटलं, बाळ नसेल पण त्या घरात जीव लावलेलं एक तर आहे. त्याला चोरावं, कांदेलारियाला वाजतगाजत आणून द्यावं, कोमाद्रेनं हसावं. सगळ्या गल्लीनं माना डोलावल्या. एलिसेओ तातांनी तर नवी काठी करून घेतली मारिंबासाठी.

चुकलं इतकंच, की एर्लिंदा हसण्याऐवजी खंगायला लागली. खुर्ची खांबाकडेच वळवलेली, आणि ती रिकाम्या ओंडक्याकडे बघत बसायची. हेनोवेवा कॉफी घेऊन यायची आणि नजर चुकवायची. तिला घरी बोलावणं बंद, अंगणातच बसवायची.

"आत का नाही येऊ देत गं?"

"चुना लावलाय. ओला आहे."

"परवाही ओला होता."

"हवा दमट आहे."

आमच्या खोऱ्यात, जानेवारीत, दमट हवा. एर्लिंदाचं डोकं ठिकाणावर असतं तर तिथंच पकडली असती.

"सांगून टाक तिला," एलिसेओ तात एकदा कुंपणाशी कुजबुजले.

"नियम आहे तात. नाव फोडलं की बाळाला बाधतं."

"ते बाळ नाही गं. ते झाड आहे."

"मग तर जास्तच जपायला हवं," हेनोवेवा म्हणाली, आणि आत जाऊन म्हाताऱ्याला पाणी घातलं.

तिनं त्याला खरोखर जपलं. चोरलेल्या बाळाला उघडं ठेवत नाहीत, म्हणून लोकरीच्या शालीत गुंडाळलं. त्याला भूक लागू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ पोटात तांब्या तांब्या पाणी. कमी पडलं तर खाली ओल्या शेवाळाची गादी. इतक्या मायेनं आमच्याकडे माणूससुद्धा मरतो. कांदेलारिया जवळ आला तशी त्याची खालची पानं तपकिरी आणि मऊ होत गेली. हेनोवेवाची झोप उडाली. परत करावा तर सणाआधी करता येत नाही, ठेवावा तर हा असा. तिनं त्याला आणखी थोडं पाणी घातलं.

कांदेलारियाची दुपार. फटाके फुटले. मारिंबा वळणावरून गल्लीत शिरली, आणि एर्लिंदा पडवीत बसून आवाज पुढे जायची वाट बघत राहिली. आवाज पुढे गेला नाही. फाटकाशी थांबला. चोराला क्षमा करा, दार उघडा, हे गाणं तिच्या दाराशी सुरू झालं. ती उठली, पदर सारखा करावा तसा एप्रन सारखा केला, आणि फाटक उघडलं.

समोर हेनोवेवा, नवे बूट घालून, हातात पाळणा. पाळण्यात लेसचं झबलं आणि टोपडं घातलेला म्हातारा, टोपडं बाजूला सारून वर आलेला लाल तुरा. मागे तमालची पातेली, सेन्यो ओफेलिया मोज्यांसकट, आणि सगळी गल्ली दात काढून.

एर्लिंदानं टोपडं काढलं. अंगठा पानांच्या मधोमध दाबला, वास घेतला. मग दोन्ही हातांनी म्हाताऱ्याला उचलून उलटा केला. भळाभळा पाणी हेनोवेवाच्या नव्या बुटांवर पडलं.

मारिंबा थांबली.

"पाजलंस याला?"

"रोज," हेनोवेवा रडवेली झाली. "बाळासारखं, कोमाद्रे."

"अगं, हा हवेवर जगतो. जन्मभर तुझ्या डोळ्यांसमोर जगला."

"मला वाटलं, नुसत्या हवेनं कुणाचं पोट भरतंय. तुझी परिस्थिती नसेल म्हणून..."

कुणालातरी मागे हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात ढकललं.  एर्लिंदाच्या तोंडाकडे बघून हेनोवेवानं पाळणा छातीशी घट्ट धरला. शेवटी एर्लिंदा म्हणाली, "बूट काढ, ओले झालेत. आणि आत या सगळे, तमाल गार होतायत."

जेवणं झाली. तात वाजवायला लागले, तात वाजवायचे म्हणजे पायाला दम धरवत नाही, पण एर्लिंदा नाचायला उठली नाही. "अजून उमलला नाही," एवढंच म्हणाली. म्हातारा तोवर दोरीवर उलटा टांगलेला होता आणि त्याच्यातून अजून टपटप चालली होती. जाताना हेनोवेवानं विचारलं, "वाचेल?" एर्लिंदानं ओंडक्यावर लोंबलेली पट्टी हातात घेतली. "गाठ सोडवलीस तू. कापली नाहीस," ती म्हणाली. "व्यापाऱ्याच्या माणसानं कापली असती. तेव्हाच कळायला हवं होतं मला."

मग ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला. आमच्याकडे त्या दिवसांत सगळं बंद: लग्न नाही, मारिंबा नाही, नाच तर नाहीच नाही. तात आपली वाजवायची काठी कापडात गुंडाळून वर ठेवतात. एर्लिंदानं म्हाताऱ्याची कुजलेली पानं एकेक करून काढली, सावलीत वाऱ्यावर ठेवला, पाण्याचा थेंब दाखवला नाही. तो निम्मा उरला. तुरा एका बाजूला कलला. पण कडक होता. ती सकाळी बघायची, दुपारी बघायची. हेनोवेवा कुंपणापलीकडून विचारायची, "काही?"

"काही नाही."

हेनोवेवाला ठाऊक नव्हतं की हा प्रश्न दुसऱ्या कुणाचा होता. एर्लिंदाला होतं. म्हणून उत्तर देताना ती दर वेळी जराशी थांबायची.

एका सकाळी उत्तर आलं नाही. हेनोवेवा धावत आली. तुऱ्याच्या लाल खवल्यांतून एक जांभळी नळी बाहेर आली होती, काडीएवढी, टोकाला पिवळे पराग. बस, एवढंच. इतक्या वर्षांचा वायदा आणि दिसायला एवढासा.

"बघ," एर्लिंदा म्हणाली.

दोघी बघत राहिल्या.

"आता?" हेनोवेवानं विचारलं.

"आता नाचायचं."

"कोमाद्रे, उपवासकाळ आहे."

"मला कॅलेंडर नको शिकवू. त्यानं सांगितलं होतं, फुलला की. सणाला असं नाही म्हणाला."

"फादरना कळलं तर?"

"वाजवायचं कुणी नाही. नुसते पाय हलवायचे. त्याला पाप नाही, त्याला चालणं म्हणतात."

हेनोवेवानं एप्रनला हात पुसले, खांदे ताठ केले, आणि वितालिनोसारखा चेहरा पाडून पुढे आली. एर्लिंदानं हात पुढे केला. या वेळी तो कुणीतरी धरला. हेनोवेवा पुरुषाच्या बाजूनं कधी नाचली नव्हती. पहिल्याच फेरीत तिनं एर्लिंदाच्या पायावर पाय दिला.

"अगदी त्याच्यासारखी," एर्लिंदा म्हणाली.

"तो तर नाचलाच नाही."

"नाचला असता तर असाच नाचला असता."

समोर एलिसेओ तात झोळीतून उठले. त्यांनी कुंपणाच्या फळ्यांवरची धूळ झटकायला घेतली. दोन काटक्यांनी. ठक ठक ठकाठक, ठक ठक. धूळ फार होती, बराच वेळ झटकत होते. सेन्यो ओफेलिया शाळेला जाता जाता थांबल्या आणि आभाळाकडे बघायला लागल्या. गल्लीतल्या प्रत्येक कुंपणावर एकेक डोकं आलं, आणि प्रत्येक डोक्यानं देवाशपथ ठरवलं की आपण काही पाहिलं नाही. हे न पाहिलेलं दुपारच्या जेवणाआधी फादरच्या कानावर गेलं होतं, एर्लिंदा कुठल्या पायानं लंगडत होती या तपशिलासकट.

फादरनी तिला बोलावलं. कन्फेशनच्या खिडकीत काय बोलणं झालं ते आम्हाला कळायचं कारण नाही, पण बाहेर आल्यावर ती हेनोवेवाला म्हणाली ते असं: फादरनी विचारलं, संगीत होतं का? ती म्हणाली, धूळ झटकत होते. मग पलीकडून नुसता खुर्चीचा करकर आवाज आला. शेवटी प्रायश्चित्त दिलं, म्हाताऱ्याला पिल्लं आली तर एक चर्चला द्यायचं.

पिल्लं आली. फुलून गेल्यावर कोंबडा हळूहळू वाळतो, पण जाता जाता बुंध्याशी पिल्लं सोडतो, अंगठ्याएवढी. त्यातलं पहिलं चर्चच्या दाराच्या खांबावर गेलं. एक तातांकडे, एक सेन्यो ओफेलियांच्या खिडकीवर, त्यांच्याच मोज्यात. हेनोवेवाला द्यायचं की नाही यावर एर्लिंदानं बराच विचार केला, आणि शेवटी दिलं. "याला पाणी पाजलंस तर तुझं नाव मीच फोडीन," असं सांगून.

पुढच्या डिसेंबरात एर्लिंदानं कपाटातून बाळ येशू काढला, पुसला, गव्हाणी मांडली. ख्रिसमसनंतर ती रोज सकाळी दार सताड उघडं टाकून गिरणीवर जायची आणि सावकाश परत यायची. बाळ जागच्या जागी. चार-सहा दिवसांनी ती वैतागून कुंपणाशी आली.

"काय गं, माझं बाळ चोरायच्या लायकीचं नाही?"

"धीर धर," हेनोवेवा म्हणाली. "तातांची पाळी आहे. ते झोळीतून उठले की नेतील."

आता डोंगरावर कोंबडे नाहीत. शेडही गेली, जाळी फाटून वाऱ्यावर उडाली. डिसेंबरात लोक बाजारातून प्लास्टिकचा आणतात, तो फेकत नाहीत कारण त्याला पैसे पडलेले असतात. पण आमच्या गल्लीत अजून पडवीपडवीला एकेक रुपेरी टोपली लटकते आहे. म्हाताऱ्याची नातवंडं, पतवंडं. सेन्यो ओफेलिया निवृत्त होऊन राजधानीला परत गेल्या, तरी मोज्यांचं पुडकं टपालानं यायचं.

म्हातारा स्वतः पूर्ण वाळला, करडा झाला, हात लावला की पान मोडायचं. तरी तो खांबावरच. हेनोवेवा एकदा म्हणाली, "कोमाद्रे, आता काढ तो. मेलाय."

एर्लिंदा खुर्चीत बसून कॉफी पीत होती. खुर्ची अजून खांबाकडेच वळवलेली.

"राहू दे," ती म्हणाली. "होता तेव्हा तरी कुठं फार हलत होता."